चौघांत एक बॉल: मित्रांच्या स्क्रॅम्बलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरला, गोल्फ कोर्सवरची ओल गेली की आमच्या ग्रुपवर तारखेची ओढाताण सुरू होते. आम्ही सोळा जण, चार-चारांचे चार संघ, वर्षातून दोनदा पुण्यात स्क्रॅम्बल खेळतो. सोळांपैकी सहा जण नियमित खेळणारे, बाकीच्यांची सुरुवात "मला जमेल का रे?" पासून होते. तारीख ठरवणं, संघ पाडणं आणि भांडणं मिटवणं माझ्या गळ्यात पडल्यामुळे तेच ते प्रश्न दर वेळी माझ्याकडे येतात. यंदा उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. ग्रुपवर पुन्हा विचारलंत तर फक्त प्रश्नाचा नंबर पाठवीन.

१. स्क्रॅम्बल म्हणजे नक्की काय? एका दमात सांग.

चौघे टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारतात. चार बॉलांपैकी सगळ्यात सोयीचा एक निवडायचा आणि बाकीचे तीन उचलायचे. मग चौघांनीही त्याच जागेवरून मारायचं. पुन्हा एक निवडायचा, पुन्हा चौघांनी तिथून. बॉल होलमध्ये पडेपर्यंत हेच. संघाचा स्कोअर एकच. समजा पार ४ आहे, म्हणजे चार फटक्यांत होल अपेक्षित आहे: कोणाचा तरी ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा पहिला शॉट, घेतला (१), कोणाचा तरी दुसरा शॉट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवतावर, आला (२), चौघांपैकी एकाचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका शॉट, पडला (३). झाली बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक कमी. चौघांनी मिळून दहा-बारा वेळा काठी फिरवलेली असते, कार्डावर मात्र ३. "टेक्सास स्क्रॅम्बल" म्हणतात तोही हाच प्रकार.

एक गोष्ट आधीच सांगतो. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या नियमावलीतल्या मूळ नियमांत स्क्रॅम्बल नाही. फोरसमला नियम २२ आहे, फोरबॉलला २३ (हे जोडीचे प्रकार, प्रश्न २ बघा). स्क्रॅम्बलचा उल्लेख येतो तो स्पर्धा भरवणाऱ्या कमिटीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात, "खेळाचे इतर प्रकार" या भागात. म्हणजे बरंचसं आयोजकावर सोपवलेलं आहे. त्यामुळे "नियमात असं नाही" हे वाक्य आमच्याकडे फारसं चालत नाही, "सकाळी ठरलं होतं का?" हे चालतं.

२. बेस्ट बॉल आणि स्क्रॅम्बल एकच ना? आणि रायडर कपमध्ये खेळतात ते कुठलं?

एकच नाही, आणि या गोंधळात आमची एक अख्खी सकाळ गेली आहे. बेस्ट बॉलमध्ये प्रत्येक जण स्वतःचा बॉल टीपासून होलपर्यंत खेळतो आणि त्यातला सगळ्यात कमी स्कोअर संघाचा धरतात. चौघांचे ५, ४, ६, ७ झाले तर संघाचे ४. कोणीही कोणाच्या जागेवरून मारत नाही.

दोघांच्या जोडीनं असंच खेळलं की तो फोरबॉल. जोडीत एकच बॉल आणि एकाआड एक शॉट असेल तर फोरसम: एकानं विषम होलवर टी शॉट मारायचा, दुसऱ्यानं सम होलवर, आणि मध्ये पेनल्टी लागली तरी मारायचा क्रम बदलत नाही. ग्रीनसममध्ये दोघेही टीवरून मारतात, एक ड्राइव्ह निवडतात आणि तिथून पुढे आलटून पालटून. शॅम्बल म्हणजे ड्राइव्हपुरतं स्क्रॅम्बल. पुढे ज्याचा त्याचा बॉल.

अमेरिका आणि युरोप यांच्यातल्या रायडर कपमध्ये फोरसम, फोरबॉल आणि शेवटच्या दिवशी एकास एक असे मिळून २८ सामने होतात. स्क्रॅम्बल तिथे नाही. पुण्यात जन्मलेला गोल्फपटू अनिर्बन लाहिरी २०१५ आणि २०१७ साली प्रेसिडेंट्स कप (अमेरिका विरुद्ध युरोपबाहेरचे बाकीचे) खेळला, तिथेही जोडीचे सामने फोरसम आणि फोरबॉलच. थोडक्यात, टीव्हीवर बघून स्क्रॅम्बलचे डावपेच शिकायला जाऊ नका.

३. मी आयुष्यात गोल्फ खेळलेलो नाही. आलो तर तुमचा विचका होईल का?

लहानपणी गल्लीत लपंडाव खेळताना एखादं शेंबडं पोर लिंबूटिंबू असायचं, आठवतंय? पळायचं सगळ्यांबरोबर, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. स्वतःचा बॉल खेळायच्या कुठल्याही प्रकारात नवखा माणूस तसाच लिंबूटिंबू होतो, त्यातही वाईट म्हणजे सगळ्यांना त्याच्यासाठी थांबावं लागतं. स्क्रॅम्बलमध्ये त्याचा शॉट वाकडा गेला तर बॉल उचलायचा आणि पुढे चालायचं. कोणाचं काही बिघडत नाही. उलट अठरा होलांत त्याचा एखादा वीस फुटी पट आत जातोच, आणि तो कार्डावर चढतो. लिंबूटिंबू असूनही मोजला जातो, असा मला माहीत असलेला हा एकच खेळ.

पण अट आहे. येण्याआधी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, तीन-चार वेळा जाऊन बॉल हवेत उडवता आला पाहिजे. पहिला शॉट थेट कोर्सवर नको. मागे लोक टी टाइम, म्हणजे सुरुवातीची ठरलेली वेळ, घेऊन उभे असतात. शिवाय आपल्याकडचे बरेच कोर्स सदस्यांचे आहेत, पाहुण्यांना सदस्याबरोबरच जावं लागतं, आणि काही ठिकाणी हँडिकॅप, म्हणजे स्कोअरमधून वजा होणारे सवलतीचे फटके (स्ट्रोक), विचारतात; तो कमी तितका खेळाडू चांगला. ते मी आधी बोलून ठेवतो, पण आदल्या रात्री "मी मेव्हण्यालाही आणतोय" असा मेसेज करू नका.

४. किट नाही. चौघांत एक बॅग चालेल?

कडक नियम सांगायचा तर एका खेळाडूला जास्तीत जास्त १४ काठ्या, आणि भागीदारांना काठ्या वाटून वापरायच्या असतील तर दोघांच्या मिळून १४ च्या आत हव्यात. आम्ही नवख्यांसाठी हे सोडून देतो. एक अट मात्र पाळतो: पटर, म्हणजे पट मारायची काठी, प्रत्येकाचा वेगळा. ग्रीनवर एका पटरसाठी चौघांनी रांग लावली की मागच्या संघाचा पारा चढतो.

कॉलरचा टीशर्ट, पूर्ण पँट किंवा गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स. जीन्स बहुतेक कोर्सवर चालत नाही. बूट नसतील तर साधे खेळाचे.

५. संघ कसे पाडतोस? दर वेळी तुझाच संघ बरा कसा असतो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. संघ असे पडतात: सोळा जणांची हँडिकॅपप्रमाणे यादी, वरचे चार म्हणजे अ गट, पुढचे चार ब, मग क, मग ड. प्रत्येक संघात प्रत्येक गटातला एक, चिठ्ठ्या टाकून. नवरा-बायको एकाच संघात हवेत की नकोत हे त्यांनी आदल्या दिवशी मला वेगवेगळं कळवावं.

६. संघाचा हँडिकॅप कसा काढायचा? आम्ही चौघांची सरळ सरासरी काढली.

सरासरी काढलीत तर संघाला डोंगराएवढे स्ट्रोक मिळतात. चौघांत उत्तम शॉट एकाचा तरी बसतोच, त्यामुळे सवलत खूप कमी असायला हवी. २०२० पासून आलेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिमची शिफारस अशी आहे: सगळ्यात कमी कोर्स हँडिकॅपवाल्याचे (म्हणजे त्या कोर्सच्या अवघडपणाप्रमाणे ठरलेला हँडिकॅप) २५ टक्के, दुसऱ्याचे २०, तिसऱ्याचे १५, चौथ्याचे १०. ही बेरीज शेवटी एकदाच पूर्णांकात आणायची. दोघांचं स्क्रॅम्बल असेल तर कमीवाल्याचे ३५ आणि जास्तवाल्याचे १५ टक्के.

आमचंच गेल्या खेपेचं उदाहरण. एका संघाचे कोर्स हँडिकॅप ४, १८, २६, ३४. म्हणजे १ + ३.६ + ३.९ + ३.४ = ११.९, धरा १२. दुसऱ्या संघाचे १८, २४, ३०, ३६. म्हणजे ४.५ + ४.८ + ४.५ + ३.६ = १७.४, धरा १७. पहिल्या संघानं ६३ मारले, दुसऱ्यानं ६८. नेट, म्हणजे हँडिकॅप वजा करून, दोघांचे ५१. पुढे काय झालं ते प्रश्न १५ मध्ये.

ज्याला हँडिकॅपच नाही त्याला आम्ही ३६ धरतो. "मला ५४ द्या, तेवढी मुभा असते ना?" असं एकानं विचारलं होतं. ५४ ही कमाल मर्यादा खरी आहे, पण चौथ्या क्रमांकावर १० टक्केच मोजले जातात. ३६ आणि ५४ मध्ये संघाला फरक पडतो १.८ स्ट्रोकचा. त्यासाठी घसा कोरडा करू नये.

७. आधी कोणी मारायचं? आमच्यात सगळ्यात चांगला खेळणारा आधी मारतो आणि मग आम्ही घाबरतो.

मला विचाराल तर स्क्रॅम्बल जिंकलं किंवा हरलं जातं ते इथे. चांगल्या खेळाडूनं आधी दोनशे चाळीस यार्ड सरळ मारला की उरलेल्या तिघांना वाटतं आता आपलं काय काम. आणि त्याचा वाकडा गेला तर तिघांच्या पोटात गोळा. दोन्हीकडून तोटा.

टीवर आम्ही असं करतो: पहिला तो, जो लांब मारत नाही पण सरळ मारतो. दीडशे यार्ड का होईना, फेअरवेत, म्हणजे मधल्या कातरलेल्या पट्ट्यात, एक बॉल पडला की बाकीच्यांचे खांदे सैल होतात. त्यानंतर नवखा, आता त्याच्यावर काहीच ओझं नाही. शेवटी लांब मारणारा, आणि त्याला खुशाल डॉगलेग, म्हणजे होलच्या वाटेतलं वळण, कापायचा प्रयत्न करू द्या, कारण मागे सुरक्षित बॉल आहे. मात्र पहिले तिघेही फसले तर त्यानं शहाणपणा करून हायब्रिड, म्हणजे जास्त आटोक्यात राहणारी काठी, काढावी. हे त्याला आधी सांगून ठेवा. ऐन वेळी सांगितलं की रागावतो.

ग्रीनवर गणित वेगळं. तिथे पहिला पट म्हणजे सगळ्यांसाठी नकाशा: बॉल कुठून वळतो, गवत किती ओढतं ते कळतं. नवख्याला आधी मारू द्या आणि एकच सांगा, होलच्या अलीकडे थांबवू नकोस. जो बॉल पोचतच नाही तो शेवटच्या फुटातलं वळण दाखवत नाही. उत्तम पट मारणारा शेवटी. तो बहुधा लांब मारणारा नसतो, हे आमच्या संघानं मान्य करायला दोन वर्षं घेतली.

बॉल कसा वळतोय ते बघायला भागीदाराच्या पाठीमागे रेषेत उभं राहू नका. नियमावलीत भागीदारांना याची मनाई आहे आणि आम्हीही ती पाळतो. बाजूनं बघा, भरपूर दिसतं.

८. निवडलेल्या जागी बॉल नक्की कसा ठेवायचा? "साधारण इथेच" म्हणत दोन पावलं पुढे जातात लोक.

जागेवर आधी टी, म्हणजे बॉल ठेवायची छोटी खुंटी, खोचायची. ज्याचा बॉल निवडला तो आहे तसा मारतो. बाकीच्यांनी टीपासून एका काठीच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, हातानं ठेवायचा. ग्रीनवर कार्डाच्या रुंदीइतकीच मुभा.

वाद होतो तो पुढच्या गोष्टीवरून. बॉल रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, आहे आणि काठीभर अंतरावर छान कातरलेला फेअरवे आहे. घ्यायचा का? आमच्याकडे नाही. रफमधला रफमध्येच, बंकरमधला बंकरमध्येच, ग्रीनच्या काठाबाहेरचा काठाबाहेरच. मूळ नियमांत रफ आणि फेअरवे दोन्ही एकाच "जनरल एरिया"त येतात, त्यामुळे काही स्पर्धांत ही मुभा असते. दुसरीकडे खेळायला गेलात तर आधी विचारा. बंकरमध्ये प्रत्येकाच्या शॉटनंतर वाळू सारखी करून त्याच जागी बॉल ठेवायचा. तिसऱ्या माणसानं पहिल्याच्या खड्ड्यातून मारावं हा छळ आहे.

९. माझा पट इंचभर हुकला म्हणून सवयीनं ढकलून आत टाकला. सगळे अंगावर का आले?

कारण तुम्ही त्या होलचा खेळ संपवलात. तुमचा बॉल आत गेला म्हणजे संघ होल-आउट झाला, तोही एक स्ट्रोक जास्त मोजून. तिघांचे पट अजून बाकी होते, त्यातला एखादा पडला असता तर एक कमी. दर वर्षी कोणीतरी हे करतंच, आणि नवखे नव्हे, रोज खेळणारेच जास्त करतात, कारण हात सवयीनं चालतो. हुकला की खूण करा, बॉल उचला आणि बाजूला व्हा. चौघांचेही झाले की मग कोणीतरी एकानं आत टाकायचा.

"एवढासाच होता, दिला समज" हे आमच्याकडे नाही. समोरच्यानं पट सोडून देणं मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकायच्या सामन्यात, चालतं. स्ट्रोक मोजताना बॉल आत जायला हवा.

१०. प्रत्येकाचे ठरावीक ड्राइव्ह घ्यायलाच हवेत ही अट कशाला?

नाहीतर अठराच्या अठरा ड्राइव्ह एकाच माणसाचे होतात आणि बाकीचे तिघे फिरायला आल्यासारखे. आमच्याकडे प्रत्येकाचे किमान तीन. काही ठिकाणी चार असतात, पण मग १८ पैकी १६ बांधलेले आणि मोकळे फक्त दोन. नवखा असलेल्या संघाला ते फार जाचतं.

युक्ती एवढीच की नवख्याचे ड्राइव्ह पार ३ वर आणि सोप्या, रुंद होलांवर लवकर उरकून घ्या. सतराव्या टीवर "अजून याचे दोन बाकी आहेत" असं लक्षात येणं म्हणजे काय, ते विचारा मला. कोणाचा ड्राइव्ह घेतला त्याचं आद्याक्षर कार्डावर त्याच वेळी लिहा. अट पुरी झाली नाही तर कमी पडलेल्या प्रत्येक ड्राइव्हमागे दोन स्ट्रोक.

११. बॉल पाण्यात गेला किंवा आउट ऑफ बाउंड्स गेला तर?

एकाचा गेला तर काहीच नाही, दुसऱ्याचा निवडा. चौघांचेही पाण्यात गेले (झालंय) तर त्यातला जो सगळ्यात पुढे जाऊन पाण्यात शिरला तो निवडायचा, एक स्ट्रोक पेनल्टी घेऊन नेहमीसारखी रिलीफ, म्हणजे पाण्याबाहेरून खेळायची मुभा, घ्यायची आणि चौघांनी तिथून मारायचं. पेनल्टी संघाला एकच, चार नव्हे. चौघांचेही हद्दीबाहेर गेले तर परत टीवर, आणि तो तिसरा स्ट्रोक.

चांगला दिसणारा बॉल हातात असताना दुसरा शोधत बसू नका. शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आणि स्क्रॅम्बलमध्ये बहुतेक वेळा तीही लागत नाहीत.

१२. आमचा फेअरवेमधला बॉल कावळ्यानं उचलून नेला. सगळ्यांनी पाहिलं. आता?

गंमत वाटते, पण मुंबई-पुण्यात हा प्रश्न खरोखर येतो. थांबलेला बॉल पक्ष्यानं किंवा कुत्र्यानं नेला तर पेनल्टी नाही. होता त्या अंदाजानं जागी दुसरा ठेवायचा. पण पक्ष्यानंच नेला हे माहीत असायला हवं, किंवा जवळजवळ खात्रीचं, नियमाच्या भाषेत किमान ९५ टक्के. "इकडे कावळे फार आहेत" एवढं पुरत नाही. तसं असेल तर बॉल हरवला समजा आणि बाकीच्या तिघांचा निवडा. बॅग उचलणाऱ्या कॅडीला विचारा, त्याची नजर आपल्यापेक्षा लांब जाते.

१३. ऐन वेळी एक जण गळला. तिघांचा संघ चालेल?

चालेल. दर शॉटला तिघांपैकी एकानं आळीपाळीनं चौथा बॉल मारायचा. क्रम पहिल्या टीवर ठरवा आणि मोडू नका, नाहीतर पटच्या वेळी चौथा बॉल नेमका उत्तम पटवाल्याकडे जातो. हँडिकॅपला आलेल्या तिघांचे २५, २० आणि १५ टक्के. चौथ्याचे सोडून द्यायचे.

१४. अमेरिकेतला मित्र म्हणतो तिकडे मलिगन विकत मिळतात. आपण का नाही? आणि हा स्कोअर माझ्या हँडिकॅपला लागतो का?

तिकडे धर्मादाय निधी गोळा करायला स्क्रॅम्बल भरवतात, त्यात पैसे देऊन मलिगन, म्हणजे फुकटचा परत एक शॉट, विकतात. पैसे चांगल्या कामाला जातात, म्हणून कोणी कुरकुरत नाही. आपल्याकडे ते पैसे नाश्त्यात जातील. शिवाय चार बॉल मारून एक निवडणं हेच मुळात तीन मलिगन आहेत.

हँडिकॅपला स्क्रॅम्बलचा स्कोअर लागत नाही. तुम्ही स्वतःचा बॉल शेवटपर्यंत खेळलेलाच नसतो.

१५. बरोबरी झाली तर?

आम्ही काउंटबॅक करतो: शेवटच्या नऊ होलांचा स्कोअर, त्यातून संघाच्या हँडिकॅपचा अर्धा वजा. तेही सारखं निघालं तर शेवटचे सहा, मग तीन, मग अठरावा. प्रश्न ६ मधल्या ५१-५१ मध्ये शेवटच्या नवात पहिल्या संघाचे ३१, वजा ६, म्हणजे २५. दुसऱ्याचे ३३, वजा ८.५, म्हणजे २४.५. अर्ध्या स्ट्रोकनं चषक गेला. सगळ्यात जास्त हँडिकॅपवाल्या चौघांनी तो नेला, आणि मी त्या संघात नव्हतो, हे प्रश्न ५ विचारणाऱ्यांच्या माहितीसाठी.

१६. वेळ किती लागतो? वीज चमकली तर?

अठरा होलांना साडेचार तास धरा. पुढच्या शॉटची जागा ठरवायला चौघांची सभा भरवू नका. दोघांचं एकमत झालं की चला.

ऑक्टोबरात दुपारी गडगडाट होतोच. वीज दिसली की कोणाचीही परवानगी न घेता खेळ थांबवता येतो. जागेवर टी खोचा आणि क्लब हाउस गाठा. झाडाखाली नाही.

१७. एक जण उशिरा आला, आम्ही तिसऱ्या होलच्या मध्यावर होतो. तिथूनच घेतला. चुकलं का?

चुकलं. फोरबॉलमध्ये गैरहजर भागीदाराला दोन होलांच्या मध्येच सामील होता येतं, आम्ही स्क्रॅम्बललाही तेच लावतो. तिसरा होल तिघांनी संपवायचा, चौथ्या टीवर त्यानं यायचं. हुकलेल्या होलांसाठी प्रश्न १३ मधला चौथा बॉल मिळतो. त्याचे तीन ड्राइव्ह मात्र माफ नाहीत, आणि तो रस्त्यातल्या ट्रॅफिकबद्दल बोलायला लागला तर त्यालाच आधी मारायला लावा.